वरच्या मजल्यावरची काठी

गुरुवार, १४ जुलै २०१६
धायरी, संध्याकाळचे सात

आज मी एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली. सकाळी फाटकाशी रुग्णवाहिका दिसली म्हणून कोणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "लेले काका वारले." पाठोपाठ सगळ्यांची श्रद्धांजली. मीही आधीच्याचाच मजकूर उचलून टाकला. काका आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मी तो मजकूर पाठवत होते तेव्हा त्यांच्या काठीची टकटक छतातून ऐकू येत होती. नक्की येत होती. मग का पाठवला?

दुपारी काका जिन्यात भेटले. "अहो, रुग्णवाहिका बी विंगसाठी होती. तुमची श्रद्धांजली वाचली. तीच सदतीस वेळा वाचली." मग म्हणाले, "दार मात्र एकानंही वाजवलं नाही." "संध्याकाळी येते," मी म्हणाले.

रोज संध्याकाळी सहाला ते घरातल्या घरात फेऱ्या मारतात. आज सहापासून काठी वाजलेलीच नाही. आणि मी? तासभर फोनच बघते आहे. त्यावर ते ऑनलाइन दिसताहेत. छत गप्प आहे.

सकाळी कानांचं ऐकलं नाही. आता ऐकते. वर जाऊन दार वाजवते.