सासूबाईंच्या नावापुढचा शेरा

ती. स्व. दादांना,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरोखरच आठही अंगांनी. (एरवी मी नुसता ‘नमस्कार’ लिहून मोकळा होतो, हे मला ठाऊक आहे. तुम्हालाही असेल.) तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आई बऱ्या आहेत ना? तुमची बहीण कशी आहे, हे विचारायचा हक्क मला सध्या आहे की नाही ते कळत नाही, म्हणून विचारत नाही. बरीच असेल. रागात तिला भूक चांगली लागते.

मायलेकी रविवारी न कळवता तुमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, त्याचं कारण त्यांनी सांगितलंच असेल. ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं ऐकून घ्या आणि मग काय तो निकाल द्या.

झालं असं, की आमच्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यात मालकांनी कामगारांच्या आरोग्यासाठी एका आहारतज्ज्ञाचं व्याख्यान ठेवलं. (धूळ ओढणारा पंखा बसवा म्हणून आम्ही तीन वर्षं घसा कोरडा करतोय. पंख्याऐवजी व्याख्यान आलं.) गृहस्थ असे किडकिडीत, की पंखा असता तर तेच आधी ओढले गेले असते. ते म्हणाले, लायसिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, प्रथिनं बनवायला ते लागतंच. शरीराला ते स्वतः तयार करता येत नाही, अन्नातूनच यावं लागतं. तांदूळ-गव्हात ते कमी, डाळी-कडधान्यांत, दूध-अंड्यांत भरपूर. आणि ते कमी पडलं, तर बाकीचं कितीही खा, अंगी पुरतं लागत नाही. लाकडी बादलीची एक फळी तोकडी असली की पाणी तिथूनच सांडतं, तसं. सगळे पेंगत होते. मी मात्र ताडकन उठून बसलो. अहो, सतरा वर्षं मी याच लायसिनची पांढरी पूड मोजून खाद्यात मिसळतोय! चमचाभर इकडंतिकडं झालं तर मालक कारखाना डोक्यावर घेतात. आणि ते माणसांनाही लागतं, हे मला एकाही शहाण्यानं सांगितलं नव्हतं. कोंबडी तोलूनमापून जेवते आणि मी सकाळी चहा-पाव, दुपारी पाव-चहा!

आता माझ्यासारख्या माणसानं काय करावं? आई आठवड्याभरासाठी राहायला आल्याच होत्या, म्हणजे संख्याही बरी होती. मी कारखान्यातला काटा घरी आणला आणि सगळ्यांची वजनं घेतली. (आई काट्यावर चढेनात. मी म्हटलं, कोंबड्यांना तर पायाला धरून उलटं टांगतात, तुम्हाला नुसतं उभंच राहायचंय. हे बोलायला नको होतं, मान्य.) मग मका आणि सोयाबीनचा भरडा करून तिघांच्या ताटांत सारखा वाढला, पाणी वेगळं ठेवलं. आईंनी ताटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, “जावईबापू, पचायला वर खडेही देणार का?” तुमची बहीण हसली, दादा. या घरातलं ते शेवटचं हसू.

कारण भिंतीवर मी तक्ता लावला होता. खाद्य तपासायला कारखान्यात ज्या कोंबड्या पाळल्यात, त्यांच्याच नोंदीचा छापील कागद: वय, वजन, वाढ, शेरा. हाताला वळण पडलेलं असतं. सतरा वर्षं जे लिहिलं तेच हातातून उतरलं. आईंच्या नावापुढं वय एकाहत्तर आणि शेऱ्याच्या रकान्यात मी लिहून गेलो: “वाढ पूर्ण. उत्पादन नाही. कळपातून काढावे.” आईंना चष्म्याशिवाय पेपर वाचता येत नाही, पण हे मात्र त्यांनी दारातून वाचलं. त्यांनी बॅग भरली. त्याच बॅगेत तुमच्या बहिणीनं स्वतःच्याही साड्या कोंबल्या.

आता खरी चपराक ऐका. त्या गेल्यावर मी रिकाम्या घरात त्याच कागदाच्या मागं हिशेब मांडला, की भरडा सुरू होण्याआधीचे चार दिवस आईंनी आम्हाला काय खाऊ घातलं. मसूर, भात, रात्री एकेक अंडं. दादा, भाताला जे कमी ते मसुरीनं भरून काढलेलं! त्या बाईनं लायसिनचं नावही ऐकलेलं नाही. मी सतरा वर्षांचा अनुभव खर्चून त्याच्या जागी भरडा वाढला. लाज वाटते. सध्या मी चहा-पावावर आहे आणि घर खायला उठतं.

आईंची माफी मागायची आहे, पण समोर. कागदावर मी काय लिहितो ते त्यांनी पाहिलंय.

आपला अपराधी,
मेहुणा

ता.क. तक्ता फाडलेला नाही. आईंची ओळ तेवढी खोडली आणि माझ्या नावापुढं शेरा लिहिला: “स्वतः तयार करू शकत नाही. बाहेरून मिळणे आवश्यक.”

ता.क. मसूर किती वेळ शिजवतात ते आईंना आडून विचारा. माझी कालपासून शिजतेय.

ता.क. मूळ काम राहिलंच. यापुढं या घरात कुणाचं वजन होणार नाही, असं म्हणून तुमची बहीण जाताना काटा घेऊन गेली. तो कारखान्याचा आहे आणि सोमवारी कोंबड्यांची वजनं आहेत. पार्सलनं पाठवू नका, बिघडेल. हातानंच आणायला हवा. कुणी आणायचा ते तुम्ही ठरवा, पण इथलं दार मी तिच्याखेरीज कुणालाही उघडणार नाही. आई सोबत असतील तर त्यांना आधी.