निळा कोट

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सकाळी फाट्यावर जाऊन अभयचं फोटोचं दुकान उघडलं. तो गेल्यापासून पहिल्यांदा. केर काढला, कॉम्प्युटर लावला. पुढच्या रविवारी विहारात जलदान विधी आहे, तिथे ठेवायला त्याचा फोटो करायचाय. पण त्याचं सॉफ्टवेअर उघडेना — मासिक वर्गणी भरा म्हणतंय. त्याचं खातं बँकेने थांबवलंय, वर्गणी जाणार कुठून!

त्यांच्या चॅटवर लिहिलं, माझे पती वारले. लगेच उत्तर — ऐकून वाईट वाटलं, वर्षभराचा प्लॅन घेतलात तर सवलत मिळेल.

यंत्रच असणार पलीकडे. तरी शिवी टाइप केली. मी!

१० नोव्हेंबर

सम्यकचा मुंबईहून फोन. धाकटा दीर. फोटोत दादाला निळा कोट घालायचा, म्हणाला. त्याच्या ऑफिसातले लोक येणार आहेत.

वाडीत कोणी गेलं की घरचे अभयकडे यायचे. हातात रेशनकार्डावरचा फोटो, नाहीतर लग्नातल्या घोळक्यातला. अभय चेहरा कापून घ्यायचा आणि खाली निळा कोट, लाल टाय लावायचा. चिरेखाणीत जन्म घालवलेली माणसं भिंतीवर साहेब होऊन बसली आहेत. घरोघरी तोच कोट. मला तो कधी आवडला नाही. तसं बोललेही होते.

"तुला नकोय. त्यांना हवा असतो," एवढंच म्हणाला होता.

आणि तो कोट त्याच बंद सॉफ्टवेअरमधल्या फाइलीत आहे.

११ नोव्हेंबर

ईशाला फोन केला. ती बाजारपेठेत पत्रिका छापणाऱ्यांकडे कामाला आहे. तिने फुकटचं एक सॉफ्टवेअर सांगितलं. जुन्या फाइलीही उघडतात म्हणे. "पण ते लाड करत नाही हां, ताई."

लाड कसले! अभय एक बटण दाबायचा, माणूस सुटा व्हायचा. इथे डोक्या-खांद्यांच्या कडेने ठिपका ठिपका देत जायचं. कानाशी आलं की सगळं बिघडतं. एकही गोष्ट अभयने ठेवली त्या जागी नाही. दुपारी कॉम्प्युटरचं बटणच बंद केलं आणि घरी आले.

१२ नोव्हेंबर

कान जमला.

१३ नोव्हेंबर

कोटाशिवाय ठेवू या का, म्हणून सासूबाईंना विचारून बघितलं. सारवलेल्या चुलीसारखा कोरा चेहरा झाला त्यांचा.

"सगळ्यांना कोट घातलान, नि त्यालाच नाय?"

मग दिवसभर माझ्याशी बोलणं नाही. ठीक आहे. मलाही बोलायचं नव्हतं.

१४ नोव्हेंबर

कोटाची फाइल नव्यात उघडली. टाय काळपट आला, तो लाल करून घेतला. कोट अभयला घातला. खांद्यावर नीट बसला.

बघितलं तर अभय कुठेच नाही. शेजारच्या भिंतीवरचे काशीराम, पलीकडच्या वाडीतले गुरुजी, कोणीही असेल तो. आपला सोडून कोणाचाही मेलेला माणूस.

यात चित्राचे थर एकावर एक ठेवलेले असतात, प्रत्येक थराशेजारी डोळ्याचं चित्र असतं. कोटाच्या डोळ्यावर क्लिक केलं, कोट गेला. खाली त्याचा चौकडीचा शर्ट, कॉलर विरलेली. जुनं सॉफ्टवेअर चेहरा आपोआप गुळगुळीत करून टाकायचं. हे करत नाही. कपाळावरचा देवीच्या लशीच्या खुणेसारखा व्रण तसाच दिसतो. राहू दे.

तसाच छापायला दिला. कोणाला सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सम्यकने विहारात फोटो बघितला आणि मला बाहेर बोलावलं.

"वहिनी, दादाला असा बसवलात? कोणी गडी वाटतोय."

दुकानात असाच बसायचा, म्हटलं.

"आम्हाला विचारायचं तरी."

तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून नाही विचारलं, असं सांगून आत गेले. त्याच्या ऑफिसातले लोक हार घालून गेले. त्यांच्याकडे मी बघितलंही नाही.

सासूबाई पुढे बसल्या होत्या. फोटोकडे बघत. वंदना संपली, माणसं जेवायला उठली, त्या उठल्या नाहीत. घरी येतानाही पुढे पुढे चालल्या. बोलायचं असेल ते बोला एकदाचं!

१७ नोव्हेंबर

सासूबाई माझ्यामागून दुकानात आल्या. कधी येत नाहीत. स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला.

"माझा पन आताच काढून ठेव गो. हाय तशी."

कॅमेरा घेतला, तर चालू होईना. संध्याकाळी या म्हटलं. त्या गेल्यावर बॅटरी काढून चार्जिंगला लावली.