ओडेटमामीच्या पियानोची गॅरंटी

ती. तादरुसमामांना,
अलेक्झांड्रियाहून कमीलचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? तिकडे सोहागच्या कोरड्या हवेत गुडघे आणि पियानो दोन्ही टिकत असावेत. इथे समुद्रापाशी दोन्ही फुगतात. तुम्ही रेल्वेतल्या माणसाबरोबर पाठवलेल्या उन्हात फुगवलेल्या भाकऱ्या पोचल्या. निम्म्या ओडेटमामीला दिल्या. (एक वाटेत मोडली होती, ती मी माझ्या वाट्यात धरली. ते बरोबर झालं का, हे अजून ठरत नाही.)

तुमच्या कानावर कुणीतरी घातलं आहे की लबीबमामांच्या घरातून पियानो ऐकू येतो. ऐकू येतो हे खरं आहे. तो कुणी वाजवत नाही हेही खरं आहे. हा त्याचा खुलासा.

गेल्या हिवाळ्यात लबीबमामांनी तो पियानो माझ्याकडून दुरुस्त करून घेतला. तारांवर पडणाऱ्या हातोड्यांचा लोकरी नमदा बदलला, तारा ताणणाऱ्या सैल खुंट्या घट्ट केल्या. भाचा म्हणून सोडणार नाही, गॅरंटी लिहून दे, असं हसत म्हणाले, म्हणून मी एका वर्षाची लिहून दिली. महिनाभरातच ते गेले. दफन करून परतल्यावर तुम्ही पियानोच्या झाकणावर हात ठेवून म्हणालात, या घरात आता सूर नको. ओडेटमामीने त्याच संध्याकाळी त्याला कुलूप लावलं. तेव्हापासून ती काळ्या कपड्यांत आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सुतकाची बिनसाखरेची कॉफी देते. (दुरुस्तीला आलेल्यालाही. मी ती पितो.)

वसंतात तिचा फोन आला. "कमील, तुझी गॅरंटी आहे ना? खालचा एक सूर घुमतो."

"मामी, पियानोला कुलूप आहे. घुमतो हे कसं कळलं?"

"बंद असतानाच घुमतो."

अशा तक्रारी मला नव्या नाहीत. रुश्दी भागातल्या एका कर्नलच्या बायकोने पियानोवर माशांची काचपेटी ठेवली होती. ती गळली तेव्हा बाईंचं म्हणणं, पाणी वरून आलं, बिघाड आत झाला, म्हणजे तुझ्याच कामात खोट. गॅरंटी नमद्याची आणि खुंट्यांची असते, समुद्राची, उंदरांची आणि माशांची नसते, हे मी त्यांना तासभर समजावलं आणि शेवटी आतलं सगळं फुकट वाळवून दिलं. पण मामीची अडचण वेगळी होती. तक्रार तपासायची तर सूर वाजायला हवा, आणि घरात सूर चालत नाही. तिने तपासणीपुरतं कुलूप काढलं, आणि मी आधी तारांवर घोंगडी टाकून पाहिलं. मुका पियानो तपासणं म्हणजे डोळे मिटून रंग निवडणं. शेवटी मामीनेच निकाल दिला, "नळवाला ठोकतो त्याला कुणी गाणं म्हणतं का? दुरुस्तीचा आवाज तो. कर सुरू." आणि उठून खिडक्या लावल्या.

बिघाड सापडला नाही. पुढच्या महिन्यात दुसरी तक्रार, मग तिसरी. दर वेळी ती माझ्यामागे खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसायची आणि सांगायची, आता वरची पट्टी. परत खालची. जरा थांब, मग तीच. मला पियानो वाजवता येत नाही (सुताराला सगळ्याच खुर्च्यांवर बसायला मिळत नाही, तसं आहे हे), त्यामुळे ती सांगेल ती पट्टी मी दाबत गेलो. एकदा जिन्यात खालच्या मजल्यावरचे हाजी मितवल्ली भेटले. मला वाटलं, आवाजाबद्दल बोलणार.

"दुरुस्ती कर बाबा, माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण शेवट दर वेळी अर्धा का सोडतोस?"

संध्याकाळी लबीबमामा गॅलरीत बसायचे तेव्हा मामी जे वाजवायची, ते हाजींनी खालून वर्षानुवर्षं ऐकलेलं आहे. मला ते ओळखता आलं नव्हतं. मी पायरीवर बसलो. मी दुरुस्ती करत होतो की सुतक मोडत होतो? तुमची आज्ञा मोडली असेल तर ती मामीने मोडली की माझ्या बोटांनी? वर जाऊन मी तिला सरळ विचारलं. ती रागावली नाही.

"शेवटची ओळ मी मुद्दाम सोडते," ती म्हणाली. "संपवलं तर वाजवलं असं होईल."

म्हणून, मामा, त्या घरात कुणी काही वाजवलेलं नाही. याला मी साक्षी आहे. तिकडच्या मामींना आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा.

तुमचा भाचा,
कमील

ता. क. खुलासा वर संपला, आता विनंती. पियानोत काही बिघाड नाही, कधीच नव्हता, आणि माझी गॅरंटी पुढच्या रविवारी संपते. तिला मुदत होती. तुमच्या शब्दाला तुम्ही मुदत सांगितली नव्हती. मामी स्वतः विचारणार नाही. म्हणते, "भाऊजींचा भाऊ गेलाय. त्यांचं दुःख कधी पुरं होतं ते मी कोण ठरवणार?" मला वाटतं तुम्हीही तिच्याबद्दल असंच म्हणत असाल. तेव्हा तुम्हीच तिला फोन करा आणि कुलूप काढायला सांगा. मी पत्र लिहिलं हे सांगू नका.

ता. क. आणखी एक. तुमचा फोन नाही आला तर मी गॅरंटी आणखी एका वर्षाने वाढवून देणार आहे. न बिघडलेल्या वस्तूची गॅरंटी लांबवत बसणं आमच्या धंद्यात लबाडी समजतात. त्यावर मी विचार करायला बसलो होतो, पण या वेळी फार वेळ बसलो नाही.