राहीआत्याचा सिनेमा

२० जानेवारी १९७४

लालासाहेब हसले! तोंडावर. "राहीबाई? ह्या कोण बुवा?"

फिल्म सोसायटीचे सेक्रेटरी, आणि विचारतात कोण! सांगलीत महिन्यातून एका रविवारी सकाळी थिएटर मिळतं, तिथं परदेशी चित्रपट दाखवायचे आणि मग बाहेर चहा पीत माना डोलवायच्या — झाली संस्कृती. मी म्हटलं, ‘दुसरी घागर’ आणा. तीस वर्षांपूर्वीचा आहे, प्रिंट पुण्यात मिळते, मी तिथंच पुन्हा पाहिला. नायकाला विसरा, नायिकेलाही विसरा. राहीबाईंनी केलेलं थोरल्या जावेचं काम बघा. नवरा गेल्याचं कळतं तेव्हा ती बाई रडत नाही. पाणी भरता भरता थांबते, कुंकू पुसते आणि परत पाणी भरायला लागते. बस. असं काम मी नंतर कुणाचं पाहिलं नाही.

"तुमच्या आत्याच ना त्या?" म्हणाले. म्हणजे ठाऊक होतं!

आहे आत्या. म्हणून मी खोटं बोलते की काय? शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईला सिनेमातलं काय कळणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

२७ जानेवारी

मलकापूरला जाऊन आले. आत्या आता माणूस आवाजावरून ओळखते. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, फार उशीर झाला. दिवाळीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल.

आणि या बाईनं स्वतःचा सिनेमा कधी पाहिलेलाच नाही!

मानसिंगमामा — आत्याचे यजमान — पलटणीत होते. सिनेमाचं भारी वेड. रजेवर आले तेव्हा स्वतःच तिला कोल्हापूरच्या कंपनीत घेऊन गेले, म्हणून सासरचे गप्प बसले. मामा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. इकडे आत्यानं कॅमेऱ्यापुढं कुंकू पुसलं, आणि आठ दिवसांत मलकापूरच्या घरी तार आली, मामा गेले. संपलंच मग. "जित्या न्हवऱ्याचं कुकू पुसलं, म्हनून ग्येला त्यो." धोंडुबाई, तिची जाऊ, हे आजसुद्धा पाव्हण्यारावळ्यांना सांगते. मी चहा पीत होते तर मलाही सांगितलं, जसं काही मला ठाऊकच नाही. भावकीत लग्न असलं की बाकीच्या विधवा निदान मांडवात मागं बसतात. आत्याला गोठ्याकडं बसवतात.

मी चिडले की ती म्हणते, "म्हनू दे की गं."

एकदा तिनं ते पाहावं, चार माणसांत बसून. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात. दिसतंय तोवर. एवढंच मागते आहे मी!

३० जानेवारी

लालासाहेबांनी ‘दुसरी घागर’ मान्य केला! पण कसा? नायक गेल्या वर्षी वारला, म्हणून त्याला ‘श्रद्धांजली’. जाहिरातीत आत्याचं नाव ‘इतर कलाकारां’मध्येसुद्धा नाही. गरज मला आहे, हो म्हटलं.

४ फेब्रुवारी

पत्रकासाठी रात्रभर — नाही, खरं तर दोन रात्री — लिहीत होते. ‘या बाईंनी एकच चित्रपट केला. त्यात त्यांना जेमतेम चार वाक्यं आहेत. ती ऐकू नका, त्यांच्या हातांकडे बघा. घागर न डचमळता खाली कशी ठेवतात ते बघा. आपल्याकडे रडणाऱ्या पुष्कळ झाल्या, न रडणारी ही एकच. अवश्य या.’

पत्रक आलं. नायकाचं चरित्र पानभर. माझ्यातली एक ओळ नाही. लालासाहेब म्हणाले, "जागाच नव्हती हो, मालनताई."

९ फेब्रुवारी

सिनेमाला या म्हणत विश्रामबागेत दारोदार फिरले. मीठ-मिरची मागत फिरावं तशी. "गाणी आहेत का?" "रडका असेल तर नको बाई, घरात काय कमी आहे?" आमच्या हेडबाईंनी तर कमाल केली. म्हणाल्या, "कुंकू पुसतात ना त्यात? मग मी येते, पण सूनबाईंना नाही आणत. नवीनच लग्न झालंय."

एम.ए., बी.एड. बाई! धोंडुबाईला काय बोलायचं मग? मी हसले. घरी येऊन रडले. शहर काय, गाव काय, एकाच माळेचे मणी.

१२ फेब्रुवारी

आत्या येत नाही म्हणते.

१६ फेब्रुवारी

आली! पण धोंडुबाईला घेऊन. राखणीला आल्यासारखी ती दारातच बसली आहे.

१७ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही.

थिएटरात पुढच्या दोन रांगासुद्धा भरल्या नाहीत. लालासाहेबांचं नायकावर भाषण, मग आणखी एकाचं. आत्या पहिल्या रांगेत, चारखाना पातळात, पडद्याकडं झुकून बसलेली. तिचं नाव कुणी घेतलं नाही. मी उठून सांगायला हवं होतं. नाही उठले.

ती जागा आली. घागर खाली ठेवली. हात कपाळाकडं गेला — आणि आमच्या हेडबाईंनी डोळे मिटून मंगळसूत्र मुठीत धरलं! शेजारच्या दोघींनीही. ज्यांच्यासाठी एवढी वणवण केली, त्या बायकांनी नेमकं तेवढंच पाहिलं नाही. टाळी एकही नाही. मागून धोंडुबाईचा आवाज — "हितंच ग्येला बगा आमचा मानसिंग."

सगळ्या थिएटरनं ऐकलं. मी आत्याला तीस वर्षांची शिवी सांगलीत आणून पुन्हा ऐकवली, दुसरं काही नाही. दिवा लागल्यावर लोकांनी वळून वळून तिच्याकडं पाहिलं. नटीकडं पाहतात तसं नव्हे.

आत्या घरी येऊन जेवलीसुद्धा नाही.

१८ फेब्रुवारी

धोंडुबाई पहिल्या गाडीनं गेली. आम्ही दोघीच. मी विचारलं, आत्या, ती जागा तुला कुणी शिकवली?

म्हणाली, "त्या दिशी सकाळी त्येंच्या पलटनीतला सयाजी आलता कंपनीच्या दारात. रजंवर. ह्ये ग्येलं त्ये सोता बगून आलता त्यो, त्येनं सांगितलं. दुपारी माजा कुकू पुसायचा शाट हुता."

तार यायच्या आधी? आणि कुणाला बोलली नाहीस?

"बोलले असते तर घरी न्हेलं असतं. परत कोन येऊ देतंय? शाट दिला. मग पुन्यांदा कुकू लावलं. रोज लावलं, घरी तार येस्तवर."

मग ही तीस वर्षं धोंडुबाईचं का ऐकून घेतलंस गं?

"काय सांगू मालन? लोकं म्हनत्यात त्येच्यापरास खरं लय वंगाळ हाय."