बिजागरीची खरी किंमत

हार्लन क्रीक, नेब्रास्का
९ एप्रिल

तीर्थरूप ग्लेनदादास,

वेंडेलचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, उभ्यानेच मानून घे). मॉन्टानातलं बर्फ आता वितळलं असेल. वहिनींची दाढ काढली का? इकडे मी आणि नदीन धडधाकट आहोत, आजारी आहे ते दुकान.

ख्रिसमसला तू काउंटरवर कोपर टेकून म्हणालास, "वेंडेल, तुझी लेबलं खोटं बोलतात. आमच्याकडे लिहिलंय तेवढंच द्यायचं." (तुमच्याकडे विक्रीकरच नाही, हे माझ्या डोक्यात आलं फेब्रुवारीत.) मला ते लागलं. वडिलांपासूनचं हार्डवेअरचं दुकान, आणि दहा डॉलर लिहिलेली बिजागरी करासकट दहा डॉलर सत्तर सेंटला आहे हे गिऱ्हाइकाला गल्ल्यावर आल्यावर कळावं, हे काही बरं नाही. मग बसलो, चार हजार लेबलं कर धरून नव्याने लिहिली आणि खिडकीवर रंगवलं, 'लिहिलंय तेवढंच द्या.'

झालं, गिऱ्हाईक तुटलं. लोक लेबल बघतात, जन्माच्या सवयीने मनातल्या मनात त्यावर पुन्हा कर चढवतात आणि रस्त्यापलीकडे डेल्बर्ट शंकच्या दुकानात जातात. खिडकीवरची पाटी कोणी वाचत नाही (मीही डेल्बर्टची कधी वाचलेली नाही). वाचणारी एकच, मिसेस ओव्हरगार्ड, चाळीस वर्षं चर्चचे हिशेब सांभाळलेली बाई, आणि तिचा पाटीवर विश्वास नाही. तिने बिजागरी घेतली, पुटपुटत आकडेमोड केली आणि अकरा डॉलर पंचेचाळीस सेंट ठेवले. म्हटलं, कर आत आहे. ती म्हणाली, "आत आहे तर मला दिसत का नाही? ऐंशी वर्षांत सरकारचा एक सेंट बुडवला नाही, आता बिजागरीपायी बुडवू होय रे?" आणि पैसे परत न घेता गेली. आता दर आठवड्याला येते.

ते जादा पैसे कोणाचे, म्हणून कर-कचेरीत फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, कर म्हणून घेतले असतील तर भरा. म्हटलं, तिने कर म्हणून दिले, पण मी कर म्हणून घेतले नाहीत. मुलीने माझं वय विचारलं.

मुळात कर लेबलाबाहेर का ठेवतात, हे तरी कळावं म्हणून गावभर विचारत फिरलो. हिशेबनीस म्हणतो, चराशी गावाची हद्द संपते, पलीकडे कराचा दर वेगळा, आणि तोही बदलता, लेबलं किती वेळा बदलशील? डेल्बर्ट म्हणतो, "सरकारचा वाटा वेगळा दिसला पाहिजे, म्हणजे लोक शिव्या योग्य माणसाला घालतात." पाद्रीबाबा म्हणाले, प्रार्थना करून सांगतो (तीन आठवडे झाले). एकेकट्याचं ऐकलं की पटतं, एकत्र केलं की डोकं गरगरतं.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा धाकटा,
वेंडेल

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. नदीन सोमवारपासून डेल्बर्टच्या गल्ल्यावर बसायला जाते आहे. म्हणते, घरात एकाने तरी कमवायला हवं. दादा, ती तिकडे बसलेली दिसली तर माझ्याने या दुकानाचं दार उघडवणार नाही. ती तुझं ऐकते. तिला फोन कर आणि लेबलांची अक्कल तुझी होती म्हणून सांग.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आत पत्र तिने वाचलं. फोन करू नकोस. ती म्हणाली, "सगळं लेबलावर लिहिलं तर कोण काय घेईल, वेंडेल? तुझी आई बावीस वर्षं आपल्याकडे राहील, तू झोपेत खिळे मोजशील, फिरायला म्हणून मला नटबोल्टांच्या प्रदर्शनाला नेशील, हे लग्नाआधी सांगितलं होतंस? सांगितलं असतंस तर मी तेव्हाच डेल्बर्टकडे गेले असते." (त्यानेही तिला मागणी घातली होती, हे मला आज कळलं.) हे कौतुक की तक्रार, मला उमगलेलं नाही, आणि विचारायचं धाडस नाही. सोमवारचं ती काही बोलली नाही. कोऱ्या लेबलांचा गठ्ठा पुढे ओढून, कर न धरता, लिहायला बसली आहे. आत्तापर्यंत तीनशे झाली.