रसायनाच्या एकट्या बाई

अहमदनगर, डिसेंबर १९७२

प्रिय रत्नाकर,

नाताळ झाला की मी मुंबईला येणार आणि आपण लग्न करणार, असं ठरलं होतं. काल राजीनामा घेऊन प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "रसायन शिकवणाऱ्या तुम्ही एकट्याच. तुम्ही गेलात तर चर्चच्या या नव्या कॉलेजात विज्ञानाचा वर्गच राहणार नाही."

बाहेर राही उभी होती. सुट्टीभर दुष्काळी कामावर राबलेली माझी विद्यार्थिनी.

"बाई, तुमी गेल्यावर आमी पुन्हा खडीच फोडायची का?"

"न्हाई गं," मी तिच्याच बोलीत म्हणाले आणि राजीनामा फाडला.

हा त्याग नाही रे. तुझ्यावाचून जीव गुदमरतोय. वाट पाहू नकोस, असं तुला लिहायला बसले. पण ते तू खरंच ऐकशील, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

तुझीच,
कृपा