घणनाथाचा पहिला अंक आणि एक बादली पाणी

३ एप्रिल १९८३
नव्या जिल्ह्याची ग्रंथपेटी आज गावात आली. नांदेडच्या कुणा वकिलाने दिलेले ‘पोलादी घणनाथ’चे एकशे बारा अंक. सगळे चित्रांचे, सगळे मारामारीचे. पेटी माझ्या ताब्यात, कारण श्रावणात देवळात पोथी मीच वाचतो. अठ्ठेचाळीस वर्षांत सरकारी रजिस्टरवर पहिली सही. अट एकच. दोन महिन्यांत दहा वाचक झाले पाहिजेत, नाहीतर पेटी परत लातूरला. दहा म्हणजे किरकोळ.
नियम लिहून पेटीवर चिकटवला: नवीन वाचकाने पहिल्या अंकापासूनच सुरुवात करावी. क्रम सोडू नये. पोथी कुणी मधून उघडतो का? पहिला अंक मी वाचीन, मग दुसऱ्याला देईन. उद्यापासून पारायण. रोज सोळा अंक, सातव्या दिवशी समाप्ती.
किल्ली देवघरात, घंटेमागे.

४ एप्रिल, सकाळी ६
आंघोळीशिवाय पारायणाला बसता येत नाही. टँकर तीन दिवसांनी येतो. बायकोकडे, मंजुळेकडे, बादली मागितली. तिने तांब्या दिला, तोही आपटून. तांब्यात हातपाय होतात, आंघोळ होत नाही.
अंक कोऱ्या फडक्यात बांधून चौरंगावर ठेवला. मुखपृष्ठ तेवढे पाहिले. पाहणे म्हणजे वाचणे नव्हे. घणनाथाने एकाचा जबडा फोडला आहे, दात हवेत. मोजले. अकरा.

५ एप्रिल
पुन्हा पाहिले. बारा.

१२ एप्रिल
टँकरवाला मलप्पा आला. कोणताही अंक द्या म्हणाला, त्यात आग लागलेली असली तर बरं. त्याला क्रम समजावला. तो म्हणाला, “मामा, मधूनच दिला तर कागद चावतोय का?” रजिस्टर त्याच्या कानाखाली बसले. राग नव्हता. शिकवताना हात हलतो माणसाचा. कान सुजला.
वाचक: मी (सुरुवात करतो आहे).

२१ एप्रिल
टँकरवर रणकंदन. मलप्पाने नळी रांगेच्या उलट्या टोकाकडून सोडली. पहाटेपासून पहिला नंबर धरून बसलेल्या केवळाबाईने त्याला कोपर मारले. त्याचा पुढचा दात गेला. मग दोन वाड्यांच्या बाया एकमेकींच्या अंगावर. घागरी डोक्यांवर वाजल्या, एकीचे कपाळ फुटले, रक्त पाण्यात गेले, तरी ते पाणी भरून घेतले. मंजुळा म्हणाली, केवळाबाईने घणनाथाचा ‘उलटा घण’ मारला.
हा शब्द गावात कसा आला? बहुधा माझी सूचना लोक लक्षपूर्वक वाचत आहेत.

३ मे
पेटी सरकवली तर हलकी लागली. उन्हाने कागदातला ओलावा गेला असणार.

५ मे
पेटी पुन्हा जड. देवाची कृपा.
मंजुळेचा स्वभावही सुधारला आहे. पूर्वी रांगेत बसायला कुरकुर करायची. आता टँकर नसला तरी दुपारभर जाऊन बसते. मी घरात नुसता देव्हाऱ्यासमोर बसतो, त्याचा परिणाम.

१४ मे
घडले ते सरळ लिहितो. रांगेतली एक भरलेली घागर पारायणासाठी उसनी घेतली. विचारायचे राहिले. लंगोटावर बसून अंगावर पहिला तांब्या घेतला तोच केवळाबाई अंगणात. “दादा, तुमी देवमाणूस, म्हणून उजव्या हातानं मारत न्हाई.” डाव्याने मारले. उरलेले पाणी ती घेऊन गेली.
डोळा मिटला आहे. अर्धी आंघोळ धरली जात नाही.

१५ मे
एका डोळ्याने पारायण करू नये. विश्रांती.

२६ मे
लातूरहून कार्ड. ग्रंथपेटीचे साहेब दोन तारखेला वाचक तपासायला येणार. रजिस्टरवर मी एकटा. गाव अजून तयार नाही, असे साहेबांना शांतपणे सांगीन. पेटी गेली तर सही गेली. रात्री जेवण गेले नाही.

२ जून
साहेब आले. रजिस्टर पाहिले. पहिला अंक दोन महिने एकाच माणसाकडे, तोही न वाचलेला, हे त्यांनी दोनदा मोठ्याने वाचले. शिपायाला म्हणाले, पेटी जीपमध्ये टाका. शिपायाने उचलली आणि कमरेवर हात ठेवला. उघडली. आत नऊ अंक आणि पाच दगड.
साहेब चोरीची केस म्हणाले. तेव्हा मंजुळा उंबऱ्यात येऊन म्हणाली, “चोरी कशाची? चला, दावते.”
टँकरची रांग. शंभरावर घागरी, आणि बहुतेक घागरींखाली एकेक अंक. बाया वाचत बसल्या होत्या. ज्यांना येत नव्हते त्यांना शेजारीण वाचून दाखवत होती. घागर पुढे सरकली की अंक मागे सरकायचा. किल्ली रोज दिवा लावणारीच्या हाताशी होती, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.
साहेबांनी केवळाबाईला विचारले, सुरुवात कुठून केली?
“घागरीखाली आला तिथून. कोण कुणाला मारतंय ते दोन पानांत कळतंय.”
साहेब म्हणाले, गोळा करा सगळे. स्वतः वाकून त्यांनी एक ओढला. घागर आडवी झाली. पाणी मातीत गेले.
त्यानंतरचे सगळे मला दिसले नाही, कारण पहिली घागर मलाच लागली. शिपाई जीपखाली शिरला. जीपची काच गेली. साहेबांना मलप्पाने टँकरच्या केबिनमध्ये ओढून घेतले आणि वर बाहेरून हंडे, दगड, चपला. अर्धा तास पत्रा वाजत होता.
शांत झाल्यावर साहेब उतरले. भुवईतून रक्त. हातात मलप्पाचा अंक सदुसष्ट. हळू आवाजात त्यांनी विचारले, “अडुसष्ट कुणाकडे आहे?”
पेटी गावातच राहिली. वाचक त्र्याहत्तर. सही मात्र आजपासून केवळाबाईची.
मी लावलेले बी उगवले, असे मानायला हरकत नाही.

४ जून
मंजुळेने आपणहून पूर्ण बादली दिली. डोक्यावरून आंघोळ केली. दिवा लावून, फडके सोडून पहिला अंक वाचला.
वीस मिनिटे लागली. घणनाथ जन्मतो. रांगतो. पाळणा मोडतो. मुखपृष्ठावरचा जबडा आत कुठेच नाही. शेवटी लिहिले आहे, मारामारी पुढील अंकी.
मंजुळेकडे दुसरा मागितला. तिने पानावरून मान वर न करता सांगितले, “घागर घ्या अन् रांगेत बसा.”
आयुष्यात पहिल्यांदा बसलो. पुढे एकेचाळीस घागरी. केवळाबाई रजिस्टर घेऊन आली, किती झाले विचारले. पहिला झाला म्हणालो.
“पहिला? त्यात तर कुणी मरत बी न्हाई, दादा.”
तिने घागरीखालून त्र्याण्णवावा काढून दिला. यात पहिल्याच पानावर सतरा मरतात, म्हणाली.
घेतला. आंघोळ झालेलीच होती.